पदरवालीची धडक

मार्च लागला की आमच्या गल्लीतली घरं एकेक करून गप्प होत जातात. कुणाचं वायफाय बंद होतं, कुणाचा टीव्ही चादरीखाली जातो, कुणाचा मोबाइल आईच्या कपाटात कुलूपबंद होतो. परभणीत ऊन फेब्रुवारीतच तापायला लागतं. मार्चमध्ये भर दुपारी बाहेर पडलं की तापल्या डांबराचा वास येतो आणि त्यात कुठून तरी कडुलिंबाच्या फुलोऱ्याचा गोडसर वास मिसळतो. हा वास आला की माझ्या पोटात गोळा येतो. मी चाळिशीकडे झुकलेली बाई, सरकारी कचेरीत कारकून, शेवटची परीक्षा देऊनही मला जमाना झाला. तरी गोळा येतो तो येतोच.

यंदाचा गोळा मात्र माझ्यासाठी नव्हता. यंदा अक्का दहावीला बसली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. नववी नापास झाली आणि तिची शाळा सुटली. मग लग्न होऊन ती देवगाव फाट्याला गेली, दोन पोरं वाढवली, त्यांना मार्गी लावलं, आणि आता चाळिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, परीक्षेला बसली. कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. तिचं उत्तर एकच, "माझं राहिलंय म्हणून." परीक्षेचं केंद्र परभणीत आलं तशी ती माझ्याकडे राहायला आली. एका पिशवीत साड्या, दुसऱ्या पिशवीत पुस्तकं.

मराठीचा पेपर झाला, हिंदीचा झाला. आणि इंग्रजीच्या आदल्या दुपारी मी कचेरीतून लवकर घरी आले तर ती साड्यांची पिशवी भरत बसलेली.

"काय करायलीस गं, अक्का?"

"उद्या सकाळच्या गाडीनं जाते मी घरी. हे इंग्रजी काय माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. वर्गात सगळी लेकरं बसलेली असत्यात, त्यांच्यात मी एकटीच म्हातारी. पेन तोंडात धरून तीन घंटे बसायचं का नुसतं?"

मी पर्स खुंटीला अडकवत राहिले. मला बोलता येत नाही असं नाही, कचेरीत मी भल्याभल्यांना गप्प करते. पण अक्काच्या इंग्रजीवर बोलायचा अधिकार मी फार पूर्वीच गमावून बसलेय, असं मला कायम वाटत आलं आहे. का, ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. पंचवीस वर्षं एखादी गोष्ट न सांगता काढली की ती सांगायला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीतून एक आवाज आला. जड आणि कोरडा, गव्हाचं पोतं पाठीवरून जमिनीवर टाकल्यासारखा. मी जागच्या जागी थांबले. हा आवाज मला ठाऊक होता.

आत माझी लेक सायली लॅपटॉप उघडून बसली होती. आठवीत आहे, तिची परीक्षा एप्रिलमध्ये, तेवढ्यावर तिचा सगळा आनंद चालू असतो. कुणीतरी हौशी माणसानं एक व्हिडिओ बनवून टाकला होता. मारामारीच्या एका खेळाचे आतापर्यंत जेवढे भाग आले, त्या प्रत्येक भागातून एकाच खेळाडूचा एकच ठेवणीतला मार कापून घेतलेला आणि जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीनं जोडलेला. पडद्यावर पहिला भाग चालू होता, आणि त्यात आमची पदरवाली होती.

तिचं खरं नाव काहीतरी वेगळं आहे. पडद्यावर ते इंग्रजीत यायचं. अक्काला ते वाचता यायचं नाही आणि मला वाचायची गरज वाटली नाही. बाकीचे खेळाडू दंडाच्या बेटकुळ्या काढून उभे राहायचे, ही मात्र बुटकी, रुंद, बाह्या वर सारलेली, कमरेला लांबलचक लाल कापड गुंडाळलेली. आमच्या लेखी तो खोचलेला पदरच. म्हणून पदरवाली. विहिरीवरून नाहीतर खळ्यातून उठून थेट मारामारीला आलीय असं वाटायचं तिच्याकडे बघून. नांदेडच्या मामांनी वापरून झालेला टीव्ही गेम आम्हाला आणून दिला, त्यात एकच कॅसेट होती, आणि त्या कॅसेटीत एवढे खेळाडू असताना आम्ही दोघी बहिणी दुसऱ्या कुणाकडे फिरकलो नाही.

आम्ही तेव्हा चुडाव्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. अण्णा, म्हणजे आमचे वडील, रुळांवर गँगमन. परीक्षा जवळ आली की ते सकाळी ड्यूटीवर जाताना टीव्हीची केबल उपसून, गुंडाळून खिशात घालून न्यायचे. वायर खिशात म्हणजे टीव्ही मेला, अशी त्यांची समजूत. टीव्ही गेमला केबल लागत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही कशाला सांगतोय! आई हरभरा उपटायला जायची. अक्काची आणि माझी शाळा सकाळची. दुपारी बाराला लाइट यायची, तीनला जायची. त्या तीन तासांत घर आमचं असायचं.

आजही डोळे मिटले की ती खोली दिसते. पत्र्यातून खाली येणारी धग. शेणानं सारवलेल्या अंगणाचा कोमट वास. दारात सुपात वाळत घातलेले हरभऱ्याचे घाटे, येताजाता दोन तोंडात टाकायचे. टीव्ही लोखंडी ट्रंकेवर ठेवलेला, त्याच्या तापलेल्या काचेजवळ हात नेला की हातावरची लव उभी राहायची. वायर आखूड, म्हणून आम्ही टीव्हीला अगदी खेटून बसायचो. मध्ये एक पाट, तो ट्रंकेला टेकवलेला, आणि पाटावर रिमोट. खेळाच्या त्या बटणांच्या डबीला आम्ही रिमोटच म्हणायचो.

रिमोट एकच होता आणि तोही अर्धा गेलेला. पुढं-मागं जायच्या फुलीसारख्या बटणाखालचं रबर इतकं झिजलं होतं की एका अंगठ्यानं ते दबायचंच नाही. दोन्ही अंगठे लावून वर अंगाचा भार टाकावा लागायचा. मग मारायचं बटण दाबायला हात कुठून आणणार? म्हणून वाटणी झाली. पदरवालीचे पाय अक्काकडे, हात माझ्याकडे. एक बाई दोघींनी मिळून चालवायची.

तिच्या ठेवणीतल्या माराला आम्ही धडक म्हणायचो. ती साधीसुधी निघायची नाही. आधी मागचं बटण दाबून धरायचं. पदरवाली अंग चोरून खाली बसायची. मनात एक, दोन मोजायचं. या वेळात समोरचा येऊन दोन ठेवून द्यायचा, ते सोसायचं. मग झटक्यात पुढं, आणि त्याच क्षणाला मार. की टाच आपटून, खांदा पुढं घालून ती पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. टाचेखाली धूळ उडायची, धूळ म्हणजे तीन चौकोनी ठिपके. मी मार लवकर दाबला तर ती नुसतीच हवेत हात हलवायची, उशिरा दाबला तर तोंडावर आपटायची. मग आम्ही एक युक्ती काढली. मोजायचं अक्कानं. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला असायचा. तो दाबला गेला की मी मार द्यायचा. पुढं पुढं तर तिनं गुडघा दाबायच्या आधीच मला कळायचं. तिचा श्वास थांबायचा, त्यावरून. एवढं जवळचं मला नंतरच्या आयुष्यात कुणी वाटलं नाही, नवऱ्याचा राग ओढवून घेऊन सांगते.

आणि धडक बसली की पडदा हादरायचा. चित्र क्षणभर खाली-वर व्हायचं. साध्या माराला नाही, फक्त धडकेला. आम्ही खूश. काय ताकद हाय बाईत, असं अक्का म्हणायची.

मालगाडी आली की मात्र सगळंच बिनसायचं. क्वार्टर रुळांना लागूनच, जमीन थरथरायची, कॅसेट आतल्या आत सरकायची आणि पदरवाली एक पाय हवेत धरून गोठायची. मग कॅसेट काढा, फुंका, परत घाला. सगळे डबे जाईपर्यंत थांबायचं. तेवढ्यात अक्का मांडीवरचं इंग्रजीचं पुस्तक उघडून दोन ओळी ओठांनी वाचायची. हो, पुस्तक तिच्या मांडीवर असायचं. रोज असायचं. रोज बाराला ती म्हणायची, "थांब, एवढा धडा करू दे." आणि रोज मी म्हणायचे, "अक्का, लाइट जाईल."

तेच ते वाक्य. माझ्या पोटातला गोळा म्हणजे हे वाक्य आहे.

परीक्षा आणि जयंती आमच्याकडे बरोबरच यायच्या. वस्तीत निळ्या पताका लागायच्या, संध्याकाळी लेझमीचा सराव चालायचा, आणि पोरं हातात पुस्तक धरून लेझीम बघत उभी राहायची. त्या वर्षी जयंती झाली, पेपर संपले, निकाल लागला. मी पास. अक्का इंग्रजी आणि गणितात गेली. अण्णा ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. चहाचा कप खाली ठेवून ते एवढंच म्हणाले, "बास झालं आता. आईला हात लावू लाग." अक्का उठली आणि अंगण झाडायला लागली. झाडलेलंच अंगण तिनं परत झाडलं. मी दारात उभी होते. अण्णा, दुपारी मीच तिला अभ्यास करू दिला नाही, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. बारा वर्षांची होते, घाबरले, असं मी पुढं स्वतःला समजावत आले. पण खरं सांगायचं तर मला अण्णांची भीती नव्हती. टीव्ही गेम जाईल याची भीती होती.

तो तसाही गेलाच. दोन वर्षांनी अक्काचं लग्न झालं. मी एकटीनं खेळून पाहिलं, फुलीवर पायाचा अंगठा ठेवून पाहिलं, आईला शेजारी बसवून पाहिलं. आई म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?" पदरवाली नुसती चालत राहिली. मी कॅसेट एका फडक्यात बांधून ठेवली आणि त्या दिवशी मी रडले. अक्का सासरी जाताना मी रडले नव्हते.

खेळ मात्र कुणासाठी थांबत नाहीत. त्याचा दुसरा भाग मी पाहिला परभणीत, कॉलेजला असताना, एका मैत्रिणीच्या भावाच्या कॉम्प्युटरवर. पदरवालीला आता नाक-डोळे आले होते. लाल कापड वाऱ्यावर हलत होतं. धडकेआधी दोनच्या ऐवजी एकच मोजावं लागत होतं. तो भाऊ धडक मारत होता, समोरचा पडत होता, पण पडदा काही हादरत नव्हता. मी न राहवून म्हणाले, "तुझं मशीन बिघडलंय का? धडकेला हादरा कुठाय?" सगळी हसायला लागली. असं काही नसतंच, म्हणाली. मी हट्टाला पेटले, आमच्याकडे हादरायचं म्हणून वाद घातला. आणि वाद घालता घालताच मला उमजलं. हादरा कॅसेटीत नव्हता. अक्का दोन्ही अंगठ्यांनी फुली पुढं रेटायची तेव्हा पाट ट्रंकेला धडकायचा, ट्रंक हलायची, ट्रंकेवरचा टीव्ही हलायचा. पदरवालीची म्हणून आम्ही जी ताकद वाखाणायचो, ती माझ्या बहिणीच्या अंगठ्यांची होती. मी काहीतरी निमित्त काढून तिथून उठले.

तिसरा भाग लग्नानंतर. नवऱ्यानं हौसेनं कॉम्प्युटर घेतला होता. आता पदरवाली चहूबाजूंनी गोल दिसायची, लाल कापडाचं विणकामसुद्धा मोजता येईल असं. धडकेचे प्रकार तीन झाले होते, हळू, मध्यम, जोराची. खांद्यातून पिवळा उजेड निघायचा आणि ती परक्या भाषेत काहीतरी ओरडायची. मला ते ओरडणं आवडलं नाही. आमची पदरवाली मुकाट होती. सायली तेव्हा महिन्याची होती आणि अक्का माझं बाळंतपण करायला आली होती. मी तिला हाक मारून दाखवणार होते. पण ती स्वयंपाकघरात माझ्यासाठी अळिवाची खीर हलवत होती, आणि मला वाटलं, हिला हे दाखवायचं म्हणजे पुढचंही सगळं बोलावं लागेल. मी कॉम्प्युटर बंद केला.

चौथा भाग मोबाइलवर आला. बोट पुढं सरकवलं की धडक. मोजणं संपलं, थांबणं संपलं, मार खात दबा धरून बसणं संपलं. मी तो खेळले पोखर्णीला जाताना, कचेरीच्या कामासाठी, एस.टी.त खिडकीशी बसून. बोट सरकवलं, पदरवाली सुटली, आणि धडक बसली तेव्हा मोबाइल हातात थरथरला आणि चित्र खाली-वर झालं. खेळ बनवणाऱ्यांनी आता हादरा घातला होता! एवढी वर्षं लागली त्यांना. आमच्याकडे तो पहिल्या दिवसापासून होता हे मला शेजारच्या बाईला सांगावंसं वाटलं. करडईची राखाडी झालेली शेतं खिडकीतून मागं पळत होती, आणि माझे डोळे भरून आले होते, उगीचच.

सायलीच्या व्हिडिओत हे सगळं दहा मिनिटांत आटपलं. आणि शेवटी पाचवा भाग आला, यंदाचा. त्यात पदरवाली म्हातारी झाली आहे. केस पिकलेत, गालावर सुरकुत्या आहेत, कमरेचं लाल कापड विटलंय. धडकेआधी चित्र तिच्या चेहऱ्याजवळ जातं, ती डोळे बारीक करते, मग सुटते. सुरेख केलंय, नाही म्हणवत नाही. सायली म्हणाली, "आई, आता एकच बटण दाबायचं. नवीन लोकांना जमावं म्हणून सोपं केलंय." तिच्याकडे हा भागही होता. तिनं तो चालू केला आणि मला दाखवायला लागली.

मला काय झालं ठाऊक नाही, मला रागच आला. एवढं सोपं कशाला करून ठेवायचं? ज्याच्यासाठी दोन माणसं लागायची, ते एका बोटावर आणून ठेवलं. मी तोंडानंही ते बोलले, बरंच बोलले. सायलीनं खांदे उडवले.

"आगं, ही आपली पदरवाली का?"

दारात अक्का उभी होती, हातात घडी घालायची राहिलेली साडी. ती पुढं आली, चष्मा वर सारला.

"केस पिकले की हिचे बी," ती म्हणाली आणि हसली.

"मावशी, तुला माहितीये ही?" सायली चकित झाली.

"माहीत म्हंजी? हिचे पाय माज्याकडं व्हते."

सायलीला काही उमगलं नाही. तिनं अक्कालाही नवी धडक दाखवली, एक बटण, एक धडक. मी लगेच तक्रार केली, "बघ ना अक्का, काय करून ठेवलंय. आपल्याला दोघींना लागायचं, दम धरावा लागायचा. आता काय मजा राहिली त्यात?"

"बरं झालं की," अक्का म्हणाली.

"काय बरं झालं?"

"एकटीला मारता यायलंय. लय बरं झालं."

हे मला लागलं. ज्या दुपारींसाठी मी इतकी वर्षं झुरत आले, त्या दुपारींचं हिला काहीच नाही? आणि त्या लागण्यातूनच, पंचवीस वर्षं न निघालेलं वाक्य बाहेर पडलं. "अक्का, तू नववीला माझ्यामुळं नापास झालीस. मी तुला अभ्यास करू दिला नाही. आणि अण्णांना सांगितलं पण नाही." सायलीनं खेळाचा आवाज बंद केला.

अक्का पलंगाच्या कडेला बसली. माझ्याकडे बघत राहिली, आणि मग चक्क हसायला लागली.

"येडी का काय तू? मला इंग्रजी येतच नव्हतं, बाई. तू न्हाई खेळली असती तरी येत नव्हतं. पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे मी, पण कुणाला इचारायचं? घरात कुणाला येत व्हतं का? ते तीन घंटे व्हते म्हणून तर ते वरीस निघालं माजं."

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, घटकाभर. पण अक्काचं हसू ओसरलं आणि ती साडीच्या काठाशी चाळा करायला लागली.

"पण एक सांगू का? राग धरू नको. एकदा मी म्हनलं व्हतं, वंदे, आज मार मला दाबू दे, पाय तू घे. एकदाच म्हनलं व्हतं. तू म्हनलीस, तुला जमायचं न्हाई, आपण हरू."

"मी असं म्हणाले?"

"व्हय. मग न्हाई म्हनलं मी परत."

मला हे आठवत नाही. आजही नाही. मी ती अख्खी मार्च महिन्यातली दुपार जपून ठेवली आहे, घाट्यांचा खारट स्वाद, तापल्या टीव्हीचा वास, तिच्या गुडघ्याची ऊब, सगळं. आणि नेमकं हे एक वाक्य मी फेकून दिलं, त्याच दिवशी, बहुतेक पुढच्याच धडकेला. इतकी वर्षं मी भलत्याच अपराधाचं ओझं वाहत होते, आणि खरा अपराध माझ्या गावीही नव्हता. मी तिचा वेळ घेतला नव्हता. तो तिनं मला दिला होता. मी तिला मारू दिलं नव्हतं. ज्याला मी आमची जवळीक म्हणून उराशी धरत होते, त्यात दबून बसायचं काम नेहमी तिच्याकडे आणि सुटायचं काम नेहमी माझ्याकडे होतं. पुढंही तेच झालं. कॉलेजला मी गेले, नोकरीला मी लागले.

"माफ कर गं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

"आता माफ काय करायचं त्यात? लेकरू व्हतीस तू." मग ती सायलीकडे वळली. "कोणतं बटण म्हनलीस?"

सायलीनं तिच्या हातात रिमोट दिला, बटण दाखवलं. अक्कानं पहिल्यांदा भलतंच दाबलं, पदरवाली नुसती उडी मारून खाली आली. दुसऱ्यांदा समोरच्यानं तिला लोळवलं. तिसऱ्यांदा अक्कानं ओठ आवळले, आणि पदरवालीनं डोळे बारीक केले, आणि सुटली.

"पडला की गं!" अक्का ओरडली. चाळीस वर्षांची बाई, पदर खांद्यावरून घसरलेला, डोळ्यांत पाणी. "वंदे, पडला बघ!"

मी तिच्या शेजारी नव्हते बसले. मागं पलंगावर होते. तिला माझी गरज नव्हती, आणि मला ते बघून आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या पोटात एवढं दुखत होतं की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून आत गेले. ओट्याला टेकून उभी राहिले. बाहेर धडकेमागून धडक चालू होती. त्या दुपारी परत याव्यात असं मला अजूनही वाटतं. फक्त आता हेही ठाऊक आहे की त्या परत याव्यात असं वाटणारी मी एकटीच आहे.

परत आले तेव्हा खेळ बंद होता. अक्कानं इंग्रजीचं पुस्तक पलंगावर उघडलं होतं आणि ती सायलीला विचारत होती, "हे पत्र लिहायचं असतंय, ते कसं सुरू करायचं? पयलं पत्ता का पयलं तारीख?" मला नाही विचारलं, सायलीला विचारलं. साड्यांची पिशवी कोपऱ्यात अर्धी भरलेली तशीच पडून होती. मी परत ओट्याशी गेले. चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्काला स्कूटीवर केंद्रावर घेऊन गेले. फाटकाबाहेर ही गर्दी. पोरं शेवटची पानं चाळत होती, आया पाण्याच्या बाटल्या हातात कोंबत होत्या, कुणाचे वडील घड्याळ बांधून देत होते. घंटा झाली, पोरं आत जायला लागली. अक्का त्यांच्यात मिसळून पुढं सरकली. फाटकाशी उभ्या असलेल्या शिपायानं तिच्यापुढं हात आडवा घातला.

"ओ बाई, पालकांनी भाईर थांबायचं. लेकराला जाऊ द्या आत."

मी पुढं झाले. अहो, ती, एवढं माझ्या तोंडून निघालंही. मग मी तोंड मिटलं.

अक्कानं पिशवीतून हॉलतिकीट काढलं आणि त्याच्या डोळ्यांपुढं धरलं.

"पालक न्हाई मी," ती म्हणाली. "माजाच पेपर हाय."

शिपायानं फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं. मग त्यानं आडवा हात खाली घेतला. त्याला हसू आलं होतं, पण वाईट नाही.

"मग तुमच्यासंगं पालक कोण आलंय?"

अक्कानं माझ्याकडे बोट केलं. "ही. धाकटी हाय माजी."

"मग तुमी थांबा भाईर," तो मला म्हणाला.

अक्का आत गेली. फाटक लागलं. तीन तासांचा पेपर होता, घर दहा मिनिटांवर, सहज जाऊन येता आलं असतं. मी गेले नाही. बाकीच्या आईबापांसारखी भिंतीच्या सावलीत उभी राहिले, पेपर सुटेपर्यंत.